मेलॉसचा न्याय आणि ट्रॉयच्या स्त्रिया

इ. स. पूर्वी ४१६ च्या उन्हाळ्यांत अथेन्सचें ३८ लढाऊ गलबतांचें एक आरमार ईजियन समुद्रांतील मेलॉस नांवाच्या बेटापुढें येऊन उभें राहिलें. त्यावर अथेन्सचे व त्याच्या मित्रराष्ट्रांचे मिळून सुमारें ३,००० सैनिक होते. मेलॉस हें बेट लहान. तेथील लोक मूळचे स्पार्टाचे वसाहतकरी. अथेन्स व स्पार्टा यांच्यामधील मोठें युद्ध इ. स. पूर्वी ४३१ मध्यें पेटलें, तेव्हां मेलॉसनें कोणाचाच पक्ष घेतला नव्हता. पुढें ४२६ मध्यें अथेन्सच्या सैन्यानें त्यांच्या शेतांची नासधूस केली आणि त्यानंतर ते उघड वैरी बनले. ईजियन समुद्रांतील बेटांमागून बेटें अथेन्सला खंडणी देत असतां हें एक लहानसें बेट स्वतंत्र राहतें, ही गोष्ट साम्राज्याच्या डोळ्यांत सलत होती, यापलीकडे मेलॉसचा म्हणण्यासारखा अपराध नव्हता.

हिंवाळा संपण्यापूर्वींच मेलॉस पडलें. हातीं सांपडलेल्या सर्व प्रौढ पुरुषांना अथेन्सनें ठार केलें, बायकामुलांना गुलाम म्हणून विकलें, आणि पुढें आपले ५०० वसाहतकरी पाठवून तें बेट वसविलें. त्याच्या पुढच्याच वसंतांत, म्हणजे इ. स. पूर्वी ४१५ मध्यें, अथेन्सच्या नाट्योत्सवांत युरिपिडीजनें ‘ट्रॉयच्या स्त्रिया’ ही आपली शोकांतिका सादर केली. शहर पडलें आहे, पुरुष मेले आहेत, आणि बायका कोणाच्या वांट्याला जाणार याची वाट पाहत तंबूंपाशीं बसल्या आहेत, असा त्या नाटकाचा विषय. मेलॉसची हकीकत आपल्याला सांगतो तो थ्युसिडिडीज हा इतिहासकार. एका इतिहासकाराची व एका नाटककाराची अशीं हीं दोन लेखनें एकाच युद्धाच्या पोटीं जन्मलीं. त्यांचा एकत्र विचार केला असतां युद्धकाळांतील वाङ्मय न्यायाविषयीं आणि मनुष्याच्या प्रतिष्ठेविषयीं काय शिकवूं शकतें, आणि काय शिकवूं शकत नाहीं, हें पुष्कळसें स्पष्ट होतें, असें आम्हांस वाटतें.

(१)

थ्युसिडिडीज हा नुसता अभ्यासक नव्हे. तो स्वतः अथेन्सचा सेनापति होता. इ. स. पूर्वी ४२४ मध्यें अँफिपोलिस हें शहर त्याला वेळेवर वांचवितां आलें नाहीं, त्यामुळें त्याला २० वर्षें परागंदा होऊन राहावें लागलें. या हद्दपारीचा एक फायदा असा झाला कीं, दोन्ही पक्षांची बाजू त्याला ऐकावयास मिळाली. आपल्या ग्रंथांतील भाषणांविषयीं त्यानें आरंभींच खुलासा करून ठेविला आहे: बोललेले शब्द जसेच्या तसे स्मरणांत ठेवणें अवघड होतें, म्हणून बोलण्याचा एकंदर आशय शक्य तितका संभाळून प्रसंगाला उचित असें भाषण आपण लिहिलें आहे. म्हणून मेलॉसचा संवाद म्हणजे कारकुनानें उतरवून घेतलेली टांचणें नव्हेत. त्या प्रसंगाच्या पोटांत जो विचार होता, तो एका बुद्धिमान् साक्षीदारानें उघडा करून दाखविला आहे, असें समजून तो वाचावा.

या संवादांतील विलक्षण गोष्ट ही कीं, अथेन्सचे वकील प्रारंभींच न्यायाचा विषय बाजूस सारतात. आम्हीं पूर्वीं इराण्यांना हांकलून दिलें म्हणून आमचें राज्य न्याय्य आहे, किंवा तुम्हीं आमचा अमुक अपराध केला आहे, असलीं लांबलचक भाषणें आम्ही करीत नाहीं, असें ते सांगतात. त्यांचा मुद्दा असा कीं, न्यायाचा प्रश्न बरोबरीच्या बळाच्या दोन पक्षांमध्येंच निघूं शकतो. जेथें एक प्रबळ व दुसरा दुर्बळ, तेथें काय शक्य आहे एवढेंच बोलावें. शहाणपणा असेल तर शरण या, म्हणजे तुमचा जीव वांचेल आणि आमचीहि मालमत्ता नासणार नाहीं!

मेलॉसच्या अधिकाऱ्यांपुढें यामुळें मोठा पेंच पडतो. न्याय हा शब्दच उच्चारावयाचा नाहीं, अशी अट घातल्यावर दुर्बळानें बोलावें तरी काय? तेव्हां ते हिताच्याच भाषेंत न्यायाची बाजू मांडतात. संकटांत सांपडलेल्याला न्यायाचा व माणुसकीचा आधार मागतां यावा, ही रीत मोडणें तुमच्याहि हिताचें नाहीं. कारण उद्यां तुमचें पतन झालें तर तुमच्यावर उगविला जाणारा सूड सर्व जगाला धडा होऊन बसेल, असें ते बजावतात. अथेन्सचे वकील उत्तर देतात कीं, त्या दिवसाची चिंता आमची आम्ही करूं. यानंतर मेलॉसचे लोक दैवावर, देवांवर व स्पार्टाच्या मदतीवर भरंवसा टाकतात आणि शरण जाण्याचें नाकारतात. स्पार्टाची मदत शेवटपर्यंत आली नाहीं.

या प्रकरणांत एक बारीक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. अथेन्सच्या दोन्ही सेनापतींचीं नांवें, क्लिओमिडीज व टिसिअस, ग्रंथांत नोंदलेलीं आहेत. मागाहून कुमक घेऊन आलेल्या फिलॉक्रटीजचें नांव तर त्याच्या बापाच्या नांवासह दिलेलें आहे. परंतु मेलॉसच्या बाजूनें जे बोलले, आणि बोलल्यानंतर कांहीं महिन्यांत बहुधा मारले गेले, त्यांपैकीं एकाचेंहि नांव आपल्याला ठाऊक नाहीं. विकल्या गेलेल्या बायकांविषयीं व मुलांविषयीं तर एका वाक्याचाच उल्लेख आहे. इतिहासकाराच्या निःपक्षपाताबद्दल आदर बाळगूनहि असें म्हणावें लागतें कीं, इतिहास जेथें थांबतो तेथें त्या माणसांची खरी कहाणी नुकतीच सुरू झालेली असते.

(२)

मेलॉसच्या पूर्वीं अकरा वर्षें, इ. स. पूर्वी ४२७ मध्यें, अथेन्सपुढें अशाच स्वरूपाचा प्रश्न उभा राहिला होता. लेस्बॉस बेटावरील मिटिलीनी या मित्रशहरानें बंड केलें आणि तें मोडण्यांत आलें. संतापाच्या भरांत अथेन्सच्या लोकसभेनें ठराव केला कीं, तेथील सर्व प्रौढ पुरुष मारावे आणि बायकामुलें गुलाम करावीं. हुकूम घेऊन एक गलबत रवानाहि झालें. परंतु दुसऱ्या दिवशीं लोकांना पश्चात्ताप झाला. अपराध्यांबरोबर सबंध शहर मारणें हें क्रौर्य आहे, असें पुष्कळांना वाटूं लागलें व सभा पुन्हां भरली.

या दुसऱ्या सभेंत क्लिऑननें कठोरपणाची बाजू मांडली, तर डायोडोटस नांवाच्या वक्त्यानें शहर वांचविण्याची. पण डायोडोटसनें दयेची याचना केली नाहीं. त्याचें म्हणणें थोडक्यांत असें होतें: आपण येथें न्यायासनावर बसलों नसून राज्याच्या हिताचा विचार करण्यास जमलों आहों, बंडखोर शहरांतील सामान्य जनतेलाहि मारलें, तर पुढें कोणतेंहि शहर शेवटपर्यंत झुंजेल आणि आपल्या हातीं ओसाड भिंती येतील. मतें जवळजवळ समसमान पडलीं, तरी डायोडोटसचा पक्ष जिंकला. लागलीच दुसरें गलबत सुटलें. वल्हेकऱ्यांनीं द्राक्षासवांत व तेलांत कालविलेलें सातूचें पीठ वल्हीं मारीत असतांच खाल्लें आणि पाळीपाळीनें झोंप घेतली. पहिलें गलबत आपल्या अप्रिय कामगिरीवर सावकाश चाललें होतें. सेनापति पेकिस यानें संहाराचा हुकूम वाचला, इतक्यांत दुसरें गलबत बंदरांत शिरलें. शहर वांचलें, तरी बंडाचे सूत्रधार म्हणून ज्यांना ठार करण्यांत आलें, त्यांची संख्या थ्युसिडिडीजच्या हस्तलिखितांप्रमाणें एक हजाराहून अधिक होते.

ही हकीकत मेलॉसच्या हकीकतीशेजारीं ठेवून वाचली म्हणजे एक कठीण सत्य हातीं लागतें. मिटिलीनी वांचली ती हिताच्या युक्तिवादानें; मेलॉस मेलें तेंहि हिताच्याच युक्तिवादानें. दोन्ही ठिकाणीं न्यायाला सभेबाहेर उभें केलें होतें. डायोडोटसचें अंतःकरण कोमल असेलहि, आणि दयेचें नांव घेतलें तर सभा ऐकणार नाहीं, हें ओळखून त्यानें हिताचा बुरखा पांघरला असेल. परंतु जो मनुष्य केवळ उपयोगी म्हणून जिवंत ठेवला जातो, त्याचें जीवित त्याचा उपयोग संपला कीं संपतें. हिताची भिंत वाळूवर बांधलेली असते. वारा फिरला कीं ती कोसळते. या अकरा वर्षांत अथेन्सचा वारा फिरला होता.

येथें एक खुलासा अवश्य आहे. त्या काळच्या रीतीप्रमाणें जिंकलेल्या शहरांतील माणसें व मालमत्ता जेत्याच्या मालकीची समजली जात असे. शत्रुपक्षहि यांत मागें नव्हता. त्याच ४२७ सालीं स्पार्टानें शरण आलेल्या प्लेटिआच्या लोकांना, या युद्धांत तुम्ही आमच्या कोणत्या उपयोगीं पडलां, एवढा एकच प्रश्न विचारला, आणि समाधानकारक उत्तर न मिळतांच २०० हून अधिक माणसांना ठार केलें. तेथेंहि बायका गुलाम झाल्या. म्हणून मेलॉसमध्यें अथेन्सनें कोणताहि लिखित कायदा मोडला, असें म्हणतां येत नाहीं. नागरिकांच्या रक्षणाचा स्वतंत्र आंतरराष्ट्रीय करार जिनिव्हा येथें व्हावयास इ. स. १९४९ साल उजाडावें लागलें. कायदा जेथें मुका होता, तेथें प्रथम वाङ्मयाला वाचा फुटली, हें या कथेचें महत्त्व आहे.

(३)

आतां नाटकाकडे वळूं. डायोनायसस देवाच्या वासंतिक उत्सवांत अथेन्सच्या डोंगरउतारावरील नाट्यगृहांत हजारों लोक जमत. साम्राज्याच्या दिवसांत या उत्सवाला राजकीय थाटहि असे. आयसॉक्रटीज सांगतो कीं, मित्रराष्ट्रांकडून आलेल्या खंडणीचें रुपें रंगभूमीवर आणून लोकांना दाखवीत; आणि युद्धांत मेलेल्या नागरिकांचे जे पुत्र सरकारी खर्चानें वाढविले जात, त्यांनाहि तेथें सर्वांसमोर आणीत. आपल्या वीरांच्या अनाथ मुलांचा गौरव करणारें राष्ट्र, असें आपलें चित्र अथेन्स त्या दिवशीं स्वतःच्या डोळ्यांनीं पाहत असे.

त्याच रंगभूमीवर युरिपिडीजनें शत्रूचें अनाथ मूल आणून उभें केलें. ट्रॉयचा वीर हेक्टर मेला आहे. त्याचा लहान मुलगा ॲस्टिॲनॅक्स आई अँड्रोमॅकीच्या कुशींत आहे. हें मूल मोठें झालें तर सूड घेईल, म्हणून त्याला तटावरून खालीं टाकावें, असा विजयी ग्रीकांच्या सभेचा निर्णय होतो. हा युक्तिवादहि शुद्ध हिताचाच आहे. मेलॉसच्या वकिलांना त्यांत कांहीं वावगें दिसलें नसतें! पण सभेंत जो युक्तिवाद निर्दोष भासतो, तोच आईच्या हातांतून मूल काढून घेण्याच्या क्षणीं कसा दिसतो, हें नाटककार दाखवितो. निरोप आणणारा टॅल्थिबिअस हा दुष्ट नाहीं. तो हुकुमाचा ताबेदार आहे, त्याला बोलावयाची लाज वाटते, तरीहि तो आपलें काम करतो. पुढें त्या मुलाचें प्रेत तोच परत आणतो, जखमा धुऊन आणतो, आणि पुरण्यासाठीं खड्डा खणावयास जातो. आईला जहाजावर चढविलेलें असल्यामुळें आजी हेक्युबा त्याला बापाच्या ढालीवर निजवून त्याचे अंत्यसंस्कार करते. असल्या भल्या माणसांच्या हातूनच जगांतील पुष्कळशीं दुष्कृत्यें पार पडत असतात.

या नाटकांत कथानक म्हणण्यासारखें फारसें नाहीं. कोणाचा पराक्रम नाहीं, कोणाची सुटकाहि नाहीं. एकामागून एक स्त्री येते, तिच्या वांट्याला आलेला मालक तिला सांगितला जातो, आणि ती जाते. परंतु जाण्यापूर्वीं प्रत्येकजण बोलते. कॅसँड्रा बोलते, अँड्रोमॅकी बोलते, हेक्युबा तर हेलेनविरुद्ध जणूं न्यायसभाच भरविते. ज्यांना दुसऱ्या दिवशीं वस्तु म्हणून वांटलें जावयाचें आहे, त्या आज युक्तिवाद करितात, स्मरण करितात, दोष देतात, मृताला न्हाऊं घालतात. मनुष्याची प्रतिष्ठा म्हणजे काय, याची व्याख्या नाटकांत कोठेंहि नाहीं. पण ती कोणत्या कृतींतून टिकते, हें त्यांत दिसतें. थ्युसिडिडीजच्या एका वाक्यांत ज्या बायका आपल्या दृष्टीआड झाल्या, त्यांच्या जागीं उभ्या राहूनच जणूं ट्रॉयच्या बायका बोलतात.

‘जणूं’ हा शब्द आम्ही जाणून वापरला आहे. मेलॉस हिंवाळ्यांत पडलें आणि नाटक वसंतांत झालें. मालिकेंतील नाटकें रचणें, गायकवृंद शिकविणें हीं कामें त्यापूर्वींच सुरू झालेलीं असणार, म्हणून हें नाटक मेलॉसवरच लिहिलें, असें ठाम म्हणतां येत नाहीं, असा आधुनिक पंडितांपैकीं कित्येकांचा आक्षेप आहे, आणि तो रास्त आहे. पण त्यामुळें नाटकाची धार कमी होत नाहीं, उलट वाढते. कारण मेलॉस हा एकटा अपवाद नव्हता. ४२१ मध्यें स्किओनी शहराची अथेन्सनें हीच गत केली होती; त्याच्या आदल्या वर्षीं टोरोनीच्या बायकामुलांना गुलाम केलें होतें. कवीला मेलॉसची वाट पाहण्याची जरूरी नव्हती. आणि नाटक कोणत्याहि हेतूनें लिहिलेलें असो, त्या वसंतांत तें पाहणाऱ्या प्रेक्षकांत मेलॉसहून नुकतेच परतलेले सैनिक असणें अगदीं संभवनीय आहे.

(४)

मग या नाटकानें काय साधलें? तात्कालिक उत्तर द्यावयाचें तर कांहींच नाहीं. युरिपिडीजला दुसरें बक्षीस मिळालें. पहिलें झेनोक्लीज नांवाच्या, आज जवळजवळ विस्मृत झालेल्या कवीनें पटकाविलें. आणि नाटक होऊन कांहीं महिने लोटतात न लोटतात तोंच अथेन्सनें सिसिली जिंकण्यासाठीं प्रचंड आरमार पाठविलें. थ्युसिडिडीजनेंहि मेलॉसच्या संहारानंतर लागलीच सिसिलीची कथा आरंभिली आहे. तो स्वतः बोध सांगत नाहीं. दोन घटना शेजारीं ठेवतो आणि वाचकाला सोडून देतो. ४१३ मध्यें तें सर्व सैन्य नष्ट झालें. किमान ७,००० कैदी सिरॅक्यूजच्या दगडांच्या खाणींत कोंडण्यांत आले. दिवसा ऊन, रात्रीं गारठा, शेजारीं प्रेतांचे ढीग, आणि आठ महिनेपर्यंत दररोज सुमारें पाव लिटर पाणी व त्याच्या दुप्पट मापाचें धान्य, एवढ्यावर त्यांनीं दिवस काढले. दुर्बळांना न्यायाची भाषा वर्ज्य करणारे आतां स्वतः दुर्बळ झाले होते. पुढें कित्येक शतकांनीं प्लुटार्कनें एक आख्यायिका नोंदविली आहे कीं, त्यांतील कांहीं अथेन्सकर युरिपिडीजचीं पदें म्हणून दाखवून सुटले, आणि घरीं परतल्यावर त्याचे आभार मानावयास गेले.

यानंतरची एक रात्र मात्र झेनोफननें इतिहासांत अमर करून ठेविली आहे. इ. स. पूर्वी ४०५ मध्यें इगॉस्पोटामी येथें अथेन्सचें शेवटचें आरमार हातचें गेलें. ती बातमी रात्रीं बंदरांत आली, आणि शोकाचा आक्रोश लांब तटांच्या बाजूनें माणसामागून माणूस शहरापर्यंत पोंचला. त्या रात्रीं कोणी झोंपलें नाहीं. झेनोफन सांगतो कीं, लोक केवळ मृतांसाठीं रडत नव्हते, स्वतःसाठींहि रडत होते. कारण मेलॉसच्या, स्किओनीच्या, टोरोनीच्या व इतर पुष्कळ शहरांच्या लोकांचें आपण जें केलें, तेंच आतां आपलें होणार, अशी त्यांना भीति वाटत होती. अकरा वर्षांपूर्वीं जो विचार मेलॉसच्या निनांवी वकिलांनीं मांडला होता, तो त्या रात्रीं सबंध शहराच्या मनांत एकाच वेळीं जागा झाला.

पण तसें झालें नाहीं. कॉरिंथ व थीब्ज यांनीं अथेन्स नष्ट करण्याचा आग्रह धरला, तरी ग्रीसच्या मोठ्या संकटांत ज्या शहरानें मोठी कामगिरी बजावली, त्याला आम्ही गुलाम करणार नाहीं, असें स्पार्टानें सांगितलें. यांत स्पार्टाचें हितहि असेल. थीब्ज फार बलिष्ठ होऊं नये, अशी त्यांची इच्छा असणें स्वाभाविक होतें. तरी पूर्वींच्या उपकाराचें स्मरण हेंच कारण म्हणून पुढें करावेंसें त्यांना वाटलें, हेंहि कांहीं थोडें नव्हे. प्लुटार्क असेंहि सांगतो कीं, सेनापतींच्या मेजवानींत एकानें युरिपिडीजच्या नाटकांतील एक पद म्हटलें, तेव्हां अशीं माणसें निर्माण करणारें शहर मोडणें सर्वांना अमानुष वाटलें. कवि तेव्हां जिवंत नव्हता. आणि मेलॉसचे जे थोडे लोक हयात होते, त्यांना स्पार्टाच्या लायसँडरनें त्यांचें बेट परत दिलें.

या सर्वांवरून वाङ्मय युद्ध थांबवितें, असा सिद्धान्त कोणी काढूं नये. तसें तें करीत नाहीं, हें ४१५ चा उन्हाळाच सांगतो. या वाङ्मयाच्या मर्यादाहि झांकून ठेवूं नयेत. गुलामांच्या श्रमावर उभ्या असलेल्या समाजांत राण्यांच्या दास्यानें अश्रु ढाळणाऱ्यांना लॉरिअमच्या चांदीच्या खाणींतील दासांची आठवण होत होतीच, असें नाहीं. पण एकदां गुलाम होणाऱ्या माणसाच्या तोंडीं बुद्धीची व शोकाची भाषा घातली, म्हणजे तिची मर्यादा कवीच्या हातीं राहत नाहीं. आपल्या महाभारताच्या स्त्रीपर्वांतहि हेंच दिसतें. शंभर पुत्र गमावलेली गांधारी कुरुक्षेत्रावर उभी राहून स्वतःच्याच मुलांसाठीं रडत नाहीं. अभिमन्यूच्या प्रेतापाशीं बसलेल्या उत्तरेचा, म्हणजे शत्रूच्या सुनेचा, शोकहि ती कृष्णाला दाखविते. जय मिळाला कोणाला, हा प्रश्न तेथें गळून पडतो.

म्हणूनच ‘ट्रॉयच्या स्त्रिया’ पुन्हां पुन्हां उठून बोलूं लागतात. बोअर युद्धाला विरोध करणाऱ्या गिल्बर्ट मरेनें तें नाटक १९०५ मध्यें इंग्रजींत आणलें. अल्जीरियाच्या युद्धाच्या आठवणी ताज्या असतां १९६५ मध्यें सार्त्रनें तें फ्रेंच रंगभूमीसाठीं नव्यानें लिहिलें. आणि २०१३ मध्यें घरदार सोडून आलेल्या सीरियन स्त्रियांनीं अम्मान येथें त्याच्या आधारें आपली कथा सांगितली. अथेन्सच्या वकिलांचा युक्तिवादहि मेलेला नाहीं. प्रत्येक युद्धांत तो नवीं वस्त्रें घालून सभेंत येतो, आणि ऐकावयास मोठा समंजस वाटतो. त्याला उत्तर देण्यास प्रतियुक्तिवाद पुरत नाहीं, हें मिटिलीनी व मेलॉस या दोन शहरांनीं दाखविलें आहे. ज्याच्याविषयीं निर्णय घ्यावयाचा आहे, तो मनुष्य आपल्यासारखाच बोलतो, आठवतो आणि आपल्या मृतांना न्हाऊं घालतो, ही जाणीव सभा भरण्यापूर्वींच मनांत रुजलेली असावी लागते. युद्धकाळांतील थोर वाङ्मय ती रुजवितें. पीक कधीं येईल तें त्याच्या हातीं नाहीं; अथेन्सला त्यासाठीं दहा वर्षें लागलीं, आणि तेंहि पराभवाच्या रात्रीं.